शेपटीजवळचा नंबर

म्हातारा वीस मिनिटं त्याच विमानापुढं उभा होता.

चारुदत्तनं पुन्हा घड्याळ पाहिलं. साडेतीन. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या त्या शाळेच्या जिममध्ये, प्रदर्शनासाठी, विमानांची दीडएकशे छोटी मॉडेलं टेबलांवर मांडली होती. लोक येत, वाकून बघत, "नाइस वर्क" म्हणत आणि पुढं जात. हा माणूस हलत नव्हता. राखाडी कोट, आखूड पांढरी मिशी, हात मागं बांधलेले.

विमान वीतभर लांबीचं होतं. भारतीय हवाई दलाचं हंटर जेट. चारुदत्तनं बेसमेंटमध्ये सात महिने खपून ते केलं होतं. हिरव्या-करड्या रंगाचे पातळ थर एअरब्रशनं चढवले होते. मॉडेलच्या किटमधले चिकटवायचे तयार आकडे मात्र त्यानं वापरले नव्हते. शेपटीजवळचा नंबर भिंग लावून, श्वास रोखून, हातानं रंगवला होता.

"हा नंबर तुम्हाला कुठं मिळाला?" म्हाताऱ्यानं हिंदीत विचारलं. हिंदीला उर्दूचं वळण होतं.

"एका फोटोत."

"मी मिर्झा. पाकिस्तान एअरफोर्समध्ये होतो. आता ॲन आर्बरला मुलीकडं असतो." त्यानं विमानाकडं बोट केलं. "तीस वर्षांपूर्वी, एकाहत्तरच्या डिसेंबरात, हे विमान माझ्यासमोर होतं. मीच पाडलं ते."

चारुदत्तनं हातातला कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

नऊ वर्षांपूर्वी, लग्न ठरायच्या आधी, पद्मिनीनं त्याला शिकागोतल्या एका कॅफेत सांगितलं होतं, "माझं आधी लग्न झालं होतं. प्रताप एअरफोर्समध्ये पायलट होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं विमान पडलं." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत बसली होती. चारुदत्तनं पुढं काही विचारलं नव्हतं. पुढंही कधी नाही. तिनं प्रतापचा फोटो घरात कुठं लावला नाही, त्याचं नाव काढलं नाही. डिसेंबर आला की चारुदत्तच जरा जपून वागायचा.

गेल्या हिवाळ्यात पासपोर्ट शोधताना तिच्या जुन्या सुटकेसमध्ये तो फोटो सापडला. विमानाला टेकून उभा असलेला हसरा तरुण, आणि त्याच्यामागं तो नंबर. त्या रात्री चारुदत्तला वाटलं, आपल्या घरात या माणसाला जागा द्यायला हवी. पद्मिनीला जे बोलता येत नाही, ते आपण हातानं करून द्यावं.

ती आज चार वाजता, हॉस्पिटलच्या लॅबमधून परस्पर, हे विमान पहिल्यांदा बघायला येणार होती.

"पण तुम्हाला नंबर कसा ठाऊक?" चारुदत्तनं विचारलं. "आकाशात तेवढ्यात वाचता येतो?"

"नाही. मी दुसऱ्या दिवशी जीपनं गेलो होतो. बघायला."

"कशासाठी?"

"माहीत नाही. राहवलं नाही." मिर्झा विमानाकडंच बघत होता. "माझ्याहून पाच वर्षांनी लहान होता. चेहऱ्यावर काजळी. त्यानंतर कितीतरी दिवस मला नीट झोप लागली नाही."

चारुदत्तला त्याची कॉलर धरावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याला खुर्ची द्यावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही.

"हे बघा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "त्या पायलटची बायको आता माझी बायको आहे. ती येईलच इतक्यात."

मिर्झाचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "पद्मिनी?"

"तिचं नाव तुम्हाला कसं माहीत?"

"त्याच्याजवळ फोटो होता. मागं नाव लिहिलेलं."

चारुदत्तच्या डोळ्यांपुढं शेतात पडलेलं जळकं विमान आलं, आणि एका तरुणाच्या खिशात शिरणारे अनोळखी हात.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "प्लीज. तिनं तुम्हाला बघायला नको."

"बरोबर आहे," मिर्झा लगेच म्हणाला. "मला बघून तिला त्रासच होईल. मी इथं आलो होतो हेही तिला सांगू नका." त्यानं विमानापुढं मान किंचित झुकवली आणि तो सावकाश दाराकडं वळला.

त्याच दारातून पद्मिनी आत आली. कोटाखाली लॅबचा पांढरा एप्रन तसाच होता. दोघं एकमेकांच्या बाजूनं गेली. मिर्झानं मान खाली घातली होती. पद्मिनीचं लक्ष नव्हतं.

चारुदत्तनं अडकलेला श्वास सोडला.

"सॉरी, पार्किंगच मिळेना," असं म्हणत ती टेबलाशी आली आणि थबकली. तिची नजर त्या नंबरावर खिळली. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तुझ्यासाठी केलंय," चारुदत्त म्हणाला. "प्रतापचं आहे."

तिनं विमानाला हात लावला नाही. "चारू, हे कशाला केलंस?"

तो आवाज ऐकून त्याचा धीर सुटला. इतकी वर्षं आपण काही विचारलं नाही, आता आणखी एक गोष्ट लपवायची नाही, असं त्याला वाटलं.

"पद्मिनी, आत्ता गेले ना ते… राखाडी कोटातले. पाकिस्तानी आहेत. मिर्झा. त्यांनीच प्रतापचं विमान पाडलं."

ती कोसळेल म्हणून त्यानं तिच्या पाठीमागं हात धरला. पण पद्मिनी तिथं नव्हती. ती झपझप दाराकडं निघाली होती. चारुदत्त तिच्यामागं धावला.

"मिर्झासाहेब!" पद्मिनीनं हाक मारली.

म्हातारा उंबरठ्यावर थांबला आणि वळला. पद्मिनी त्याच्यासमोर उभी राहिली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली,

"प्रताप कसा आहे आता? आम्ही वेगळे झाल्यापासून मला काहीच कळलेलं नाही. कैदेतून सुटून आल्यावर लिहायचा तशी तुम्हाला पत्रं लिहितो ना अजून?"