सहीचा कागद

"खोटी सही केलीस. आत जाशील म्हातारे," जयराज साहेब म्हणाला आणि पुढ्यातल्या कागदावर सही ठोकली.

साळूबाईनं दाराची चौकट धरली. "आवं साहेब, मी आंगठा लावती. सही कुठनं करू?"

"मग कुणी केली? बोल."

कचेरीच्या गेटवर बोलायला बंदी. पायरीवर बसायला बंदी. राहिला बाहेरचा फळा. त्यावर साहेबाच्या सहीचाच कागद लागणार आणि तो कुणी काढला तर गुन्हा, हा हुकूमही साहेबाचाच. सोमवारी त्याच फळ्यावर टाईप केलेला कागद लागला. 'पुरात पडलेल्या घरांच्या यादीत साहेबांच्या मेव्हण्याचं नाव आहे. त्याचं घर माळावर. तिथं पाणी कधी चढलं?' खाली साहेबाची सही.

दोन दिवस गर्दी हटेना. लोक फोटो काढत होते. कागद फाडायची साहेबाची छाती होईना. यादीत नाव नसलेल्या साळूबाईनं तो चौघांकडून मोठ्यांदा वाचून घेतला, एवढंच तिनं केलं.

कारकून राजेश्वरी टेबलाशी उभी होती. ती एकेका कागदाचा खालचा कोपरा उचलायची, साहेब सही करायचा. एक कागद तिच्या हातून निसटला.

"लक्ष कुठाय गं तुझं?"

"ताप आहे, साहेब."

"पोलिसांना पत्र टाईप कर. सही खोटी, संशयित ही बाई. आत्ताच्या आत्ता."

साळूबाई खालीच बसली. "यादीत नाव नगं मला. घरला जाऊ द्या."

"घर कुठलं?" साहेब हसला. "पडलंय न्हवं तुझं?"

राजेश्वरीनं पत्र आणलं, पाच-सहा कागदांमध्ये घातलं, कोपरे उचलले. साहेब फोनवर मेव्हण्याशी बोलत होता. "व्हय रं, आज आत घालतो तिला. तू बिनघोर रहा." बोलता बोलता सह्या झाल्या. "जा, देऊन ये. हिलापण ने."

राजेश्वरीनं साळूबाईला दंडाला धरून बाहेर आणलं.

"पोरी, बाईमाणसाला मारत्यात का गं तितं?"

राजेश्वरी फळ्यापाशी थांबली. हातातला कागद तिनं सोमवारच्या कागदाखाली टाचला. त्यावर साहेबाच्या सहीची शाई अजून ओली होती. गर्दीतल्या एकानं मोठ्यांदा वाचलं,

"वरच्या कागदावरची सही माझीच आहे."