मूठमाती

मुनव्वरानं पिठाच्या पोत्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी टणक लागलं. बाहेर काढून पाहिलं तर तिचीच सोन्याची अंगठी, लाल खड्याची. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वळसा तर तिनं चांगलाच घातला होता. मोहल्ल्याच्या राखण-समितीत बायकांची प्रमुख तीच. कुलपं लावा, डोळे उघडे ठेवा, असं दारोदार सांगत फिरायची. मंगळवारी शेजारची तुर्सुनोय तिच्याकडे नान भाजू लागायला आली होती. ती गेल्यावर अंगठी दिसेना, तेव्हा मुनव्वरानं भर गल्लीत, चारचौघींदेखत तिला विचारलं, "माझ्या घरात तुझ्याशिवाय दुसरं कोण आलं होतं गं?"

तुर्सुनोय विधवा, शिवणकाम करून पोट भरणारी. ती बोटातली अंगठी नुसती फिरवत राहिली. नवऱ्याची तेवढीच आठवण. आता ती सैल व्हायची, म्हणून आतून पांढरा दोरा गुंडाळलेला.

येत्या रविवारी तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. पाहुणे आधी मोहल्ल्यात चौकशी करतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

समितीचे म्हातारे प्रमुख इस्मत-ओता यांनी पोलिसांना बोलवू दिलं नाही. त्यांनी जुनी रीत काढली. शुक्रवारी प्रत्येक घरातून एकीनं मूठभर माती आणायची आणि समितीच्या खोलीत एकटीनं जाऊन चादरीवर टाकायची. जिनं चोरी केली असेल ती मातीतून वस्तू परत करील, कुणी केली ते कुणालाच कळणार नाही.

तुर्सुनोयनं एवढंच विचारलं होतं, "मातीतून सोनं निघालं की विषय संपला ना, ओता?"

"संपला. त्या गोष्टीला मूठमाती. पुढं कुणी नाव काढायचं नाही."

आज तो शुक्रवार. मुनव्वराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं म्हणून ती तशीच पिठाच्या हातांनी शेजारच्या दारापर्यंत गेली. तुर्सुनोय रुमालात माती बांधून बाहेरच पडत होती. हात बाह्यांत ओढून घेतलेले.

"चला ओपा, बरोबरच जाऊ," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली.

मुनव्वरानं पिठाचे हात झटकले. "तू हो पुढं," ती म्हणाली, आणि परत येऊन तिनं अंगणातली मूठभर माती उचलली. अंगठी त्या मुठीत सहज मावली.

सगळ्यांच्या मुठी टाकून झाल्यावर ओता चाळायला बसले. अर्धीअधिक माती चाळून झाली आणि चाळणीत लाल खडा चमकला. बायकांनी सुस्कारे सोडले. परत करणारीचं भलं होवो, असं म्हणून ओतांनी अंगठी मुनव्वराच्या हातावर ठेवली, आणि सगळ्यांनी दुआ म्हणून तोंडावरून हात फिरवले. मुनव्वरानंही फिरवले. सुटले, असं तिला वाटलं आणि त्याचीही लाज वाटली.

तुर्सुनोय मात्र पांढरीफटक पडली होती. ती घाईनं पुढं झाली.

"मिळाली ना, ओता? उरलेली माती मी टाकून येते."

"थांब पोरी. रीत म्हणजे रीत, शेवटच्या मुठीपर्यंत चाळायची."

ओतांनी चाळणी पुन्हा भरली, हलवली. माती खाली गळून गेली आणि वर दुसरी एक अंगठी राहिली, आतून पांढरा दोरा गुंडाळलेली.