शनिवारचं मडकं

मोइसेसनं विजेच्या कुकरचं खोकं उचलून दारापाशी नेऊन ठेवलं आणि हात झटकले. "सोमवारी दुकानात परत देऊन येतो. आपल्या स्वयंपाकघराला हे शोभत नाही, आई."

"शोभत नाही?" डेल्फिना टेबलाशी बसून घेवडा निवडत होती. हाताला लागलेला खडा तिनं बशीत टाकला. "मी काय कानातले आणलेत, शोभायला?"

"तसं नव्हे गं. ओटा केवढासा! पिन लावायला एकच जागा, तिथं कॉफीचं यंत्र. वर कपाट, म्हणजे वाफ सगळी कपाटाला लागणार, लाकूड फुगणार. आणि हा म्हणे वाजतसुद्धा नाही. आत शिजलं की कच्चंच आहे, कळायचं कसं?"

कारणं सगळी खरी होती. पण मुख्य कारण लेकानं अजून पोटातच ठेवलं होतं, आणि आईला ते न सांगता कळलं होतं.

"उद्या तुझे सासूसासरे येणारेत, ते बोल ना."

मोइसेस जरा वरमला. "मी सांगून बसलोय त्यांना. आजीचं मडकं, चुलीवरचा घेवडा, आईचा हात. बिचारे तेवढ्यासाठी आल्बुकर्की शहरातून डोंगर चढून येतायत. त्यांना काय बटण दाबून वाढायचं?"

मडकं चुलीशेजारी पालथं होतं. अभ्रकाच्या मातीचं, धुरानं काळंकुळकुळीत झालेलं. इतक्या उंचावर पाणी उकळतं लवकर, पण दाणा मऊ व्हायचं नाव घेत नाही. सकाळी चढवायचं ते संध्याकाळी उतरवायचं. मध्ये लाकूड सारा, कढत पाणी घाला, ढवळा, की पुन्हा लाकूड सारा. रविवारी चर्चहून आल्यावर सगळ्यांना ताटात घेवडा हवा, म्हणून लग्न होऊन या घरात आल्यापासून डेल्फिनाचा शनिवार कधी अंगणापलीकडे गेला नव्हता. नदीत गळ टाकावा तर या पोरीनं, असं एके काळी सगळी दरी म्हणायची. आता ते फक्त एलोइसाला आठवत होतं. तिची तर बालपणापासूनची मैत्रीण.

बाहेर एलोइसाच्या पिकअपचा भोंगा वाजला. "डेल्फिना! मासे काय संध्याकाळपर्यंत थांबायचेत तुझ्यासाठी? आटप!"

डेल्फिनानं एप्रन सोडला आणि लेकाच्या गळ्यात अडकवला.

"हे काय?"

"छान शोभतोय तुला. पाहुण्यांना शब्द तू दिलायस, तूच पाळ. विस्तव विझू द्यायचा नाही. पाणी घालशील ते कढतच घाल. गार घातलंस तर मडकं तडकेल."

"आणि तू?"

"मी चालले नदीवर."

"अगं, आज शनिवार आहे!"

"म्हणूनच." दारातलं खोकं ओलांडून ती निघून गेली.

दिवेलागणीला ती परतली तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि हातात दोन ट्राउट होते. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. मोइसेसचे डोळे लालभडक, कपाळाला काजळी. दिवसभर तो परसाकडेसुद्धा जीव मुठीत धरून धावत गेला आणि तसाच धावत आला होता. डेल्फिनाला त्याची कीव आली. तेवढंच बरंही वाटलं.

तिनं डावानं एक दाणा काढून दाताखाली धरला. कट्ट आवाज झाला.

"मीठ कधी घातलंस?"

"सकाळीच. आतपर्यंत मुरावं म्हणून."

"अरे देवा!" डेल्फिनाला हसू आवरेना. "मीठ सगळ्यात शेवटी घालतात, बाळा! आधी घातलं की घेवडा हट्टाला पेटतो. जन्मभर खाल्लास, पण शिजताना एकदा बघितला नाहीस. आता बस, उद्या पाहुणे येईपर्यंत."

मोइसेस भिंतीला टेकला. "आई, बाबा बसायचे का गं कधी इथं?"

"तुझे बाबा? ते ओसरीवरून विचारायचे, झाला का म्हणून."

चुलीतलं लाकूड खाली ढासळलं. ते सारायला दोघांपैकी कुणी पुढे झालं नाही.

"त्या खोक्यातल्याला किती वेळ लागतो?" मोइसेसनं हळूच विचारलं.

"मला काय विचारतोस? आपल्या स्वयंपाकघराला शोभत नाही ना तो?" डेल्फिना त्याच्याकडे पाठ करून मासे साफ करायला लागली होती.

"आई, उद्या नाक कापलं जाईल माझं."

"तुझं जाईल. माझं कशाला? मी कुणाला काही कबूल केलं नव्हतं."

"बरं बाई, उद्यापुरता काढू तो. पुढच्या शनिवारी तू पुन्हा मडक्यात—"

"पुढच्या शनिवारी मी नदीवर असेन." तिनं सुरी खाली ठेवली. "त्याच्या पुढच्याही. मडक्यातलाच घेवडा हवा असेल तर एप्रन तुझ्या गळ्यात आहेच. नको असेल तर खुंटीला लाव."

मोइसेसनं एप्रन काढून खुंटीला लावला. खोकं दारातून उचलून आणलं आणि उघडलं. कॉफीच्या यंत्राची पिन काढली, यंत्र बाजूला सारलं आणि कुकर ओट्यावर ठेवला, थेट भिंतीला चिकटवून.

डेल्फिनानं मान वळवून पाहिलं.

"पुढे ओढ जरा," ती म्हणाली. "वाफ कपाटाला लागेल."