सुनेल्याचं लॉकेट

"नाना, हा खडा काढून लॉकेट करा," शरयूताई तर्जनीतली अंगठी ओढून काढत म्हणाल्या.

सराफ नाना चकित झाले. मुलीचं लग्न जमावं म्हणून शरयूताईंच्या वडिलांनी ही अंगठी त्यांच्याकडूनच घडवून घेतली होती. पुष्कराज परवडेना, म्हणून सुनेला हा त्याच्यासारखाच पिवळा, पण स्वस्तातला खडा. गुरूचा खडा अंगाला टेकावा लागतो, म्हणून अंगठीची पाठ उघडी.

"लॉकेट साडीवर राहणार. अंगाला लागला नाही तर गुण कसा येईल?"

"साठी उलटली माझी! अजून कुठला नवरदेव लपवून ठेवलाय तुम्ही?"

नाना ओशाळून हसले. "मग आता घालायचा कशाला?"

"सुंदर आहे म्हणून." त्यांनी खडा उन्हात धरला. कढवलेल्या तुपासारखा पिवळा उजेड तळहातावर सांडला. "इतकी वर्षं बोटात होता, पण मी त्याच्याकडे बघितलंच नाही. नुसती वाट बघितली."

"पाठ उघडीच ठेवतो," नाना हळूच म्हणाले. "उजेडासाठी."

लॉकेट तयार झालं त्या दिवशी घरी येऊन त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. हुक लावायला दुखरे हात मानेमागे जाईनात, आणि 'जरा लाव गं' म्हणावं असं घरात कोणी नव्हतं. शेवटी खडा पाठीवर सोडून त्यांनी हुक गळ्यापुढे लावला आणि चेन हळूहळू फिरवली. कुणाचं तरी गार बोट फिरावं तसा खडा मानेवरून सरकत पुढे आला.

त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी चेन पुन्हा एकदा फिरवली.