चतुराबाईचं नाव

शिवकन्यानं चार्जरची पिन उपटली आणि ती पडद्याकडे बघत बसली. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग माउसचा बाण जागच्या जागी गोठला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी उमटल्या आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायला लागला. लॅपटॉप बंद पडला होता.

"बघितलंस?" तातेराव म्हणाले. "लाइट गेली की हे असं. जालन्याला नेऊन आणलं, बॅटरी बदलली, काही फरक न्हाई. आन् शुक्रवारी कॉलेजच्या मंजुरीची कमिटी येऊन राह्यली."

तातेराव भोकरदनमधल्या एका शिक्षण संस्थेचे सचिव. लॅपटॉप त्यांना पुण्याच्या पुतण्यानं दिला होता, आत विंडोजऐवजी लिनक्स टाकून. गावात लिनक्स कळणारी एकटी शिवकन्या. औरंगाबादला शिकून तिनं नुकतंच बसस्टँडसमोर दुकान टाकलं होतं. तातेरावांनी तिला ओळखलं नाही. तिनं त्यांना आवाजावरूनच ओळखलं.

ती चौथीत असताना तिची आई चतुराबाई याच संस्थेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. एकदा तातेरावांनी घरच्या गोदामातली तुरीची डाळ पाठवली, किड्याचं औषध मारलेली. डाळीला वास येतोय, असं चतुराबाई सांगायला गेली. "तुला काय कळतं? शिजव," असं उत्तर मिळालं. त्या दिवशी पोरं ओकून ओकून आडवी झाली. सगळी वाचली, पण पोलीस आले तेव्हा तातेराव अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईचे हातच घाण हायेत." चतुराबाई ठाण्यात बसून आली. तिचं काम गेलं. त्यानंतर तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेतलं नाही. लग्नाकार्यात ती पोळ्या लाटायला बसली की शेजारच्या बाया उठून जायच्या.

शिवकन्या दिवसभर लॅपटॉपशी झटली. मेमरी बदलून पाहिली, मग बंद पडण्याआधीच्या नोंदी वाचल्या. दर वेळी गोष्ट एकच होती. चार्जर निघाला की वीज वाचवण्यासाठी मशीन प्रोसेसरला मधूनमधून झोपवायचं, आणि त्याला उठवताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळायचा. वीज वाचवण्याचा तो भागच बंद ठेवून सुरू केलं की लॅपटॉप बॅटरीवरही नीट चालायचा. हे कायमचं करून ठेवणं म्हणजे एका ओळीचं काम होतं.

तिनं ते तसं केलं नाही. तिनं सुरू करायची दुसरी वाट तयार केली आणि त्या वाटेला नाव दिलं. लॅपटॉप लावल्यावर ते नाव टाइप केलं तर तो नीट चालणार होता. नाही केलं तर लाइट गेली की पहिल्यासारखाच कोसळणार होता.

तातेराव आले. तिनं नाव टाइप करून दाखवलं. त्यांनी इंग्रजी अक्षरं जुळवून वाचली आणि कपाळाला आठी घातली.

"चतुराबाई? ही कोण?"

"माझी आई. तुमच्या वसतिगृहात होती."

 तातेरावांचा हात लॅपटॉपवरून मागे गेला.

"दुसरं नाव टाक," ते हळू आवाजात म्हणाले.

"दुसऱ्या नावानं चालू व्हत न्हाई, साहेब. न्यायचं तर न्या."

कमिटी तोंडावर होती. त्यांनी लॅपटॉप उचलला.

भारनियमनाचे दिवस होते, पण आता लाइट गेली तरी लॅपटॉप चालायचा. फक्त रोज सकाळी तातेरावांना खुर्चीत बसून एकेक अक्षर शोधत ते नाव उमटवावं लागायचं. कारकुनानं ते पाहिलं. कारकुनाकडून शिपायाला कळलं, शिपायाकडून बाजाराला. जुनी माणसं डाळीची गोष्ट पुन्हा बोलायला लागली.

शुक्रवारी प्रोजेक्टर जोडायला तातेरावांना शिवकन्यालाच बोलवावं लागलं. कमिटीसमोर त्यांनी लॅपटॉप सुरू केला आणि भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत तिच्या आईचं नाव उमटलं. एका साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. तातेराव घाम पुसत म्हणाले, "पासवर्ड हाय, साहेब." मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. शिवकन्या दाराशी उभी राहून त्यांचा चेहरा डोळे भरून बघत होती. इतकी वर्षं तिला हेच हवं होतं.

ती घरी गेली ती जवळजवळ पळतच. आई ओट्यावर भाजी निवडत होती. शिवकन्यानं सगळं सांगितलं. घामाचं सांगितलं, हसण्याचं सांगितलं.

चतुराबाईचे हात थांबले.

"म्हंजे माझं नाव घेतल्याबिगर त्याचं काम चालू व्हत न्हाई?"

"बिलकुल न्हाई!"

"आन् घेतलं की व्हतं?"

"व्हतं ना. मंग दिवसभर बंदच पडत न्हाई."

चतुराबाईनं भाजीचं ताट बाजूला सारलं. शिवकन्याला वाटलं, आईचं मन भरून आलं असेल.

"सुटले व्हते गं मी त्याच्या दारातून," चतुराबाई म्हणाली. "तू मला परत त्याच्याच कामाला लावलंस."

सकाळी संस्थेचं कार्यालय उघडलं तेव्हा शिवकन्या पायरीवरच बसलेली होती. तातेराव येताच ती त्यांच्यामागून आत गेली. तिनं टेबलावरचा लॅपटॉप पुढ्यात ओढला, ती दुसरी वाट पुसून टाकली आणि झाकण लावलं. तातेरावांना वाटलं, पोरगी नरमली. ते हसले.

"बरं केलंस. आता काय टाइप करायचं?"

"काहीच न्हाई. लाइट गेली की बंद पडंल," ती उठत म्हणाली. "तुमच्याकडं काम करायचं न्हाई म्हणती आई."