विहिरीखालचा झिरा

सकाळी साडेदहाला मुकुंदनं रेकॉर्डिंग थांबवलं. सुगंधाबाई अजून बोलतच होत्या.

रामाकोन्याजवळच्या या खेड्यात तो सौसरच्या कॉलेजातून आला होता. जुन्या माणसांना पाण्याबद्दल जे माहीत आहे ते त्यांच्याच आवाजात जपून ठेवायचं, असं काम. रविवारी या मुलाखती कॉलेजात सगळ्यांपुढं ऐकवणार होते. पहिल्या रांगेत त्याचे वडील असणार होते. हे खेडं त्यांचंच गाव.

आल्याबरोबर सुगंधाबाईंच्या सुनेनं, मालतीनं, पाण्याचा ग्लास पुढं केला, तो मुकुंदनं एका दमात रिकामा केला. मालतीनं ते पाहिलं की नाही, हेही पाहून घेतलं.

मग फोन चालू करून त्यानं विचारलं, "आजी, नाल्याच्या रेतीत झिरा खोदायचा तर पाणी कुठं लागेल, हे कसं कळायचं?"

"कळाचं काय त्यात?" सुगंधाबाई म्हणाल्या. "पाटलाच्या विहिरीच्या खालच्या अंगाले खोदाचं. विहिरीचं पाणी रेतीतून तिथंच ये. विहिरीवर तं आमाले चढू देत नव्हते. तुमचे आजे काठी घेऊन बसत. मंग आम्ही खालतं बसून तेच पाणी भरून आणत होतो." त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "बुढ्याले वाटे, विहीर वाचली!"

इथं मुकुंदचं बोट फोनवर गेलं होतं.

"बंद पडला का बापू?"

"नाही, ते... मधे कोंबडा आरवला. आवाज खराब होतो. पुन्हा एकदा सांगता का आजी? फक्त पाण्याचं सांगा."

"कोंबडा तं आमच्या घरी नाही, सर," चुलीजवळून मालती म्हणाली.

 मुकुंदनं मान खाली घालून फोन पुन्हा चालू केला.

सुगंधाबाई सावरून बसल्या. शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा त्यांचा आवाज बदलला. "नाल्यातली रेती उकराची. पाणी लागते." एवढं बोलून त्या थांबल्या.

"कुठं उकरायची?"

"खालच्या अंगाले."

"कशाच्या खालच्या अंगाला?"

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. लेकराला कुठं दुखतं ते चाचपावं, तसं.

"ते सांगू का नको सांगू, बापू?"

 दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये यापुढं बराच वेळ मालती चहाच्या कपबशा विसळते आहे, तेवढं ऐकू येतं.

दुपारपर्यंत एक रेकॉर्डिंग कॉलेजकडं पाठवायचं होतं. चार वाजले तरी दोन्ही फोनमध्येच होती. पहिलं त्यानं तीनदा ऐकलं. हसण्यापाशी येऊन तिन्ही वेळा थांबवलं.

साडेचारला सौसरहून वडिलांचा मेसेज आला.

"आपल्या विहिरीचं सांगतलं का बुढीनं? लोकाईले कळू दे, साऱ्या गावाले पाणी आपणच पाजलं."

वडिलांच्या फोनवर त्या मेसेजखाली निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर अजून गेलेलं नाही.