सोनेरी पानांचा रणगाडा

अप्पा भोईवाड्याच्या चाळीत खिडकीपाशी बसून वीतभर लांबीचे रणगाडे जोडत आणि रंगवत. "जिथे उभा असेल, तिथे तो कुणाला दिसता कामा नये," असं सांगत ते वाळवंटातला पिवळा करत, जंगलातला हिरवा.

आई गेल्यावर लेक मानसीने त्यांना करी रोडच्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला बोलावलं, तेव्हा ती सहज बोलून गेली, "रणगाडे मात्र नकोत हं अप्पा. हॉलमध्ये डोळ्यांत खुपतील."

"बरं," अप्पा म्हणाले. त्या दिवशी तिच्याकडे जेवून निघताना त्यांनी हॉलमधल्या वॉलपेपरचा मोबाइलवर फोटो काढला. मग "येतो गं, एक काम हातात आहे," म्हणत तीन महिने गेले, आणि एक दिवस अप्पाच गेले.

खोली आवरताना शेजारच्या कौसल्याकाकूंनी खिडकीतला शेवटचा रणगाडा तिच्या हाती दिला. रंग फिकट राखाडी, आणि त्यावर बारीक सोनेरी पानं.

"अगो, मी इचारलंय पण, भावजीनू, ह्यो रणगाडो की लग्नाचो मांडव? तर नुसते हसले."

मानसीने तो घरी आणून हॉलमधल्या फळीवर, भिंतीला लागून ठेवला. संध्याकाळी तिचा नवरा हितेंद्र चहाचा कप घेऊन त्याच फळीसमोर येऊन उभा राहिला.



"अप्पांचा रणगाडा आणणार होतीस ना?" त्याने विचारलं. "कुठे ठेवलास?"